इंग्लिश बोलता येत नाही म्हणून अडू नका, आधी कागद वाचायला शिका

रावेर-यावलकडच्या पोरांचा ठरलेला प्रश्न, भाऊ फाडफाड इंग्लिश येत नाही, केळी एक्स्पोर्टच्या ऑफिसात कोण घेईल? घेतात हो. मी पण मराठी शाळेतलाच, घरात लेवा बोली, आणि आज डॉक्युमेंटेशनचं टेबल सांभाळतो. २०१६ ला जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख, मिळालं, २०२१ ला तांदलवाडीचा माल दुबईला गेला, आता असली कामं गावाजवळच निघतात.

पण स्पोकन क्लासपासून जपून. मी आख्खा कोर्स केला, माय नेम इज, माय हॉबी इज, स्टेजवर उभं राहून टाळ्या पण घेतल्या, आणि ऑफिसात बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाज कंपनीच्या माल घेतल्याच्या पावतीचा, ड्राफ्ट समोर आला तर डोकंच चालेना. कारण इथे बोलायचं कमी आणि वाचायचं जास्त. शिपिंग लाइन ड्राफ्ट पाठवते, ठरलेल्या वेळेत त्यातल्या चुका काढून परत पाठवायचा, वेळ गेली की दुरुस्तीला पैसे. त्यात माल एलसीवर, म्हणजे अटींप्रमाणे कागद दिले की पैसे देऊ या बँकेच्या हमीवर, असेल तर इन्व्हॉइसवर मालाचं वर्णन एलसीत जसं आहे तसंच लागतं, आणि बाकीच्या कागदांत त्याच्या उलट काही चालत नाही. बँक केळी बघत नाही, कागद बघते. तपासायला तिला पाच बँकिंग दिवस असतात, खोट सापडली की पेमेंट लटकलं, आणि केळी काय तुमच्यासाठी पिकायची थांबते का?

तापमानाचं पण तसंच. केळीचा रीफर, म्हणजे माल गार ठेवणारा कंटेनर १३-१४ डिग्रीवर लावतात, बुकिंगच्या मेलमध्ये आकड्याआधी प्लस आहे की मायनस हे दोनदा बघा. त्याहून जास्त गार झालं की साल काळपट पडते आणि माल नीट पिकत नाही, मग फण्या कितीही देखण्या भरलेल्या असू द्या.

म्हणून ऑफिसातल्या जुन्या फायली मागा. एक शिपमेंट घ्या, एलसीपासून फायटो सर्टिफिकेटपर्यंत (मालाला कीड-रोग नाही याचा सरकारी दाखला) सगळे कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवा, अडलेले शब्द वहीत उतरवा. ट्रान्सलेट अ‍ॅप साध्या मेलला ठीक, एलसीच्या अटींना अजिबात नको. गुरू करायचाच तर पुण्याहून आलेल्या सुटाबुटातल्या ट्रेनरपेक्षा न्हावा शेवा बंदरावरच्या कस्टम एजंटकडचा जुना क्लार्क बरा, दोन शिव्या देईल पण शिकवेल.

आणि कॉलला घाबरू नका. दुबईचा खरेदीदार काय विलायतेत जन्मलेला नसतो, त्याचं ग्रामर पण आपल्यासारखंच लंगडं. समजलं नाही तर उगाच येस सर येस सर करू नका, सरळ सांगा, प्लीज सेंड मेल. कोणाला राग येत नाही, उलट लेखी राहतं ते बरंच. क्लास लावायचाच असेल तर फी भरायच्या आधी विचारा, मेल लिहायला शिकवता का? नाही म्हणाले तर उठून या.