साडेसहा मिलिमीटरचं जर्मन घड्याळ: घेताना आणि वापरताना या चुका टाळा

नोमोस या जर्मन कंपनीचं टांगेंटे हे घड्याळ ३५ मिलिमीटर व्यासाचं आणि साधारण साडेसहा मिलिमीटर जाडीचं आहे. काच, काटे, तबकडी, यंत्र आणि मागचं झाकण हे सगळं तेवढ्यात बसवायचं, म्हणून आतलं अल्फा यंत्र अवघं २.६ मिलिमीटरचं. युंगहान्स या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या चावीच्या 'मॅक्स बिल' घड्याळात बरीच वर्षं ज्या स्विस ईटीए २८०१ वर आधारलेलं यंत्र बसत आलं, तेही जेमतेम ३.३५ मिलिमीटरचं. या घड्याळांत कशालाच ऐसपैस जागा नाही. लोक ज्याला बिघाड म्हणतात त्यातलं निम्मंअधिक या चपटेपणातून येतं, आणि उरलेलं बहुतेक चावीच्या घड्याळाची सवय सुटल्यामुळे.

तबकडी बघून पैसे मोजणं

जाहिरातीत 'बाउहाउस' लिहिलं की पारख करणं थांबवतात, ही पहिली चूक. बाउहाउस ही जर्मनीतली कला आणि डिझाइनची शाळा. ती १९१९ मध्ये वायमारला सुरू झाली आणि १९३३ मध्ये बर्लिनला बंद पडली. ज्याच्या नावाचं ते घड्याळ आहे तो स्विस डिझायनर मॅक्स बिल देसाऊला तिथे शिकला हे खरं, पण युंगहान्ससाठी त्याने स्वयंपाकघरातलं भिंतीचं घड्याळ केलं ते १९५० च्या दशकात, आणि मनगटी घड्याळं त्यानंतर. टांगेंटे तर १९९२ चं. सुझान ग्युंटरने १९३० च्या दशकातल्या तबकड्यांवरून ते रेखाटलं. बारीक रेघा आणि सडपातळ आकडे कुणालाही छापता येतात. पैसे आतल्या यंत्राचे असतात, म्हणून विक्रेत्याला आधी यंत्राचं नाव आणि क्रमांक विचारा. उत्तर आलं नाही तर पुढे जाऊ नका.

नामांकित घड्याळातही गल्लत होते. मॅक्स बिल हे चावीचं, ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने भरणारं) आणि क्वार्ट्झ (सेलवर चालणारं) अशा तिन्ही रूपांत मिळतं, आणि फोटोत ती सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. जुनं घेताना तर खास बघा. सेकंदकाटा दर सेकंदाला एक उडी मारत असेल तर आत सेल आहे. याच मालिकेत रेडिओवर वेळ जुळवणारं 'मेगा'ही आहे. जर्मनीचा तो संकेत फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून निघतो आणि त्याचा पल्ला साधारण २,००० किलोमीटर. पुण्यात बसून त्याची वाट बघू नये.

'ग्लासह्युट' हे गावाचं नाव तबकडीवर असेल तर त्याला मात्र अर्थ आहे. ड्रेस्डेनजवळच्या या गावाचं नाव लावायचं तर यंत्राच्या मूल्यातलं किमान ५० टक्के काम तिथेच व्हावं लागतं. नुसत्या 'जर्मनीत बनवलेलं' या शिक्क्यातून एवढं कळत नाही.

व्यास पाहणं, लांबी न पाहणं

"३५ म्हणजे बायकांचं घड्याळ" असं म्हणून लोक ४० च्या वर जातात आणि मनगटावर बशी ठेवल्यासारखं दिसतं. या घड्याळांना बेझेल, म्हणजे काचेभोवतीची धातूची कड, जवळपास नसतोच, सगळी तबकडीच असते, त्यामुळे ती आकड्यापेक्षा मोठी दिसतात. शिवाय टांगेंटेचे पट्टा अडकवायचे पाय सरळ आणि लांब आहेत. ३५ चं घड्याळ असूनही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते साधारण ४५ मिलिमीटर भरतं. मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी पट्टीने मोजा आणि ही लांबी तिच्या आत बसते का ते बघा. व्यासापेक्षा हा आकडा खरा.

चावी: सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या

एचएमटी जनता वापरलेल्या पिढीला हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी: चावीचं घड्याळ हातात घालून हलवल्याने भरत नाही. त्यासाठी विजेवर फिरणारा वॉच वाइंडर विकत घेणारे लोक आहेत. त्यात ठेवलेलं चावीचं घड्याळ नुसतं गरगर फिरतं, बाकी काही होत नाही.

अल्फा पूर्ण भरलं की साधारण ४३ तास चालतं. सोमवारी सकाळी आठला चावी दिलीत आणि मंगळवारी विसरलात, तर ते बुधवारी पहाटे तीनच्या सुमारास थांबणार. म्हणजे 'दोन दिवस चालत नाही' ही तक्रार नाही, तो हिशेब आहे. रोज सकाळी, ठरलेल्या वेळेला चावी द्या. त्याचा फायदा फक्त न थांबण्यापुरता नाही. स्प्रिंग उतरत गेली की चाल बदलते; रोज एकाच वेळी भरली की घड्याळ दिवसाचा बराचसा काळ स्प्रिंगच्या जोरदार टप्प्यात राहतं आणि वेळ स्थिर दाखवतं.

हातातून काढून चावी द्या. मनगटावर असताना चावी तिरकी ओढली जाते आणि तिच्या बारीक दांड्यावर आडवा ताण येतो. चपट्या यंत्रात तो दांडा तसाही नाजूक. दोन बोटांत धरून पुढे-मागे फिरवत राहा. मागे फिरताना होणारा करकर आवाज नेहमीचा आहे. शेवटी स्पष्ट अडसर लागतो, तिथे थांबा. 'जास्त चावी दिल्याने घड्याळ बिघडतं' ही समजूत खोटी आहे. पूर्ण भरलेली स्प्रिंग बिघडत नाही. अडसर लागल्यावरही जोर लावला तर मात्र तुटते.

जुन्या टांगेंटेत वेळ लावताना आणखी एक शंका येते: चावी बाहेर ओढली तरी छोटा सेकंदकाटा फिरतच राहतो. त्यात असलेल्या पेझो ७००१ या स्विस यंत्राची रचनाच तशी आहे, सेकंद थांबवायची सोय तिच्यात नाही. सेकंदकाटा वर ६० पाशी येईपर्यंत थांबा आणि त्या क्षणी मिनिटकाटा नेमका रेघेवर ठेवा. मिनिटकाटा आधी थोडा पुढे नेऊन मग मागे आणलात तर दात्यांमधली ढिलाई निघून जाते.

तारखेचं मॉडेल असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत चावीने तारीख बदलू नका. त्या वेळात तारखेचं चाक आधीच गुंतलेलं असतं, दात तुटतात. काटे साडेसहावर आणा, मग तारीख बदला.

अचानक पुढे पळू लागलं तर

चांगल्या यांत्रिक घड्याळात दिवसाला दहा-पंधरा सेकंदांचा फरक चालायचाच. पण कालपर्यंत बरं चालणारं घड्याळ आज पाच-सात मिनिटं पुढे गेलं, तर आधी चुंबकत्वाचा संशय घ्या. लॅपटॉपचं झाकण, टॅबलेटचं कव्हर, पर्सचं बटण, फोनचा मागचा गोल, स्पीकर, सगळीकडे चुंबक आहे आणि रात्री घड्याळ नेमकं तिथेच टेकवून ठेवतात. घड्याळाची चाल ठरवणाऱ्या केसाएवढ्या बॅलन्स स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावतं.

साधं होकायंत्र घड्याळाजवळ न्या. सुई हलली तर उत्तर मिळालं. चुंबकत्व काढायचं यंत्र स्वस्त असतं आणि काम काही सेकंदांचं असतं. बटण दाबून धरायचं, घड्याळ हळूहळू हातभर लांब न्यायचं, आणि मगच बटण सोडायचं. घड्याळ जवळ असताना सोडलं तर ते पुन्हा चुंबकीय होऊ शकतं. यासाठी कुणी पूर्ण सर्व्हिसिंगचं बिल लावत असेल तर आधी हे करून बघायला सांगा.

पाऊस, घाम आणि ३ बार

मागच्या झाकणावरचं '३ बार' वाचून लोक ३० मीटर खोल पाणी समजतात. त्याचा व्यवहारातला अर्थ हात धुताना उडालेले थेंब, एवढाच. पोहणं नाही, शॉवर नाही, बाइकवरचा जुलैतला पाऊस तर नाहीच. यांची चावी स्क्रूसारखी आवळलेली नसते, शिवाय आतलं रबरी वॉशर वर्षांनुवर्षं वाळत जातं. गेल्या पावसात निभावलं म्हणून या पावसात निभावेल असं नाही.

एसी गाडीतून कोकणच्या दमट हवेत उतरल्यावर काचेच्या बाहेरून धुकं धरतं, ते पुसलं की जातं. त्याची काळजी नको. आतून धुकं आलं, पुसून जात नाही, किंवा काचेच्या कडेला थेंब दिसतोय, तर त्याच दिवशी घड्याळ उघडायला द्या. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवू नका, ड्रायरचा वारा देऊ नका. गरम हवेने आतली वाफ यंत्रावरच बसते. खाऱ्या पाण्याचं असेल तर दुसऱ्या दिवसाचीही वाट बघू नका, गंज थांबत नाही.

घामाचा खरा बळी पट्टा. एप्रिल-मे महिन्यांत कातडी पट्टा रोज वापरला तर आतून काळा पडतो आणि वास येतो. दोन पट्टे आलटून पालटून वापरा. नोमोसचे बरेच पट्टे कॉर्डोवानचे, म्हणजे घोड्याच्या कातडीचे असतात. ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच दुसरा मागवावा. उन्हाळ्यात मी सरळ कापडी पट्ट्याचा सल्ला देतो, मात्र घड्याळाच्या पाठीखालून जाणारा दुपदरी पट्टा घेऊ नका. तो घड्याळ दोन-तीन मिलिमीटरने उचलतो, आणि चपटं घड्याळ घेण्याला अर्थच उरत नाही.

काच आणि टूथपेस्ट

मॅक्स बिलची फुगीर काच बऱ्याच मॉडेलांत प्लेक्सीची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची असते. ती चरे धरते. टूथपेस्टने घासायचा घरगुती उपाय साध्या प्लेक्सीवर चालतो, पण वर कठीण थर दिलेला असेल तर तोच निघून जातो. आधी विचारा, मग घासा.

उघडायला कुणाकडे द्यायचं

सेल बदलणाऱ्या दुकानात नको. चपट्या यंत्रात तासकाटा, मिनिटकाटा आणि तबकडी यांच्यात अंतर इतकं कमी असतं की एक काटा जरासा वाकला तरी घड्याळ अडतं. ते ओळखायची खूण अशी: काटे एकमेकांवर आले की, रोज साधारण त्याच जागी, घड्याळ थांबतं. यात यंत्राचा दोष नसतो आणि सर्व्हिसिंगने ते सुटत नाही. काटे सरळ करावे लागतात. दाबून बसवायचं झाकण योग्य साच्याशिवाय बंद केलं तर फुगीर प्लेक्सीला तडा जातो, हा दुसरा नेहमीचा अपघात.

देताना नुसतं 'मागे पडतंय' म्हणू नका. आठवडाभर रोज एकाच वेळी फोनच्या घड्याळाशी ताडून फरक लिहा, आणि रात्री घड्याळ कसं ठेवलं होतं तेही नोंदवा: तबकडी वर, चावी खाली की वर. यांत्रिक घड्याळाची चाल प्रत्येक स्थितीत थोडी वेगळी असते. तबकडी वर ठेवल्यावर पुढे आणि चावी खाली ठेवल्यावर मागे जात असेल, तर रोज रात्री ठेवायची बाजू बदलून फरक घरीच भरून काढता येतो, आणि दुकानात जायची वेळच येत नाही.