सागाच्या तोडीचा परवाना अडकला होता, तो असा सुटला

शेतातल्या सागाच्या तोडीचा अर्ज दोनदा त्रुटी काढून परत आला. नवा अर्ज केला, हेलपाटे घातले. वर्ष गेलं, फार मनस्ताप झाला. मूळ अडचण सातबाऱ्यात होती: झाडांची नोंदच नव्हती. साग महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे परवानगीशिवाय तोडता न येणाऱ्या झाडांच्या यादीत आहे, त्यामुळे मालकी कागदावर दिसायलाच हवी.

आधी तलाठ्याकडून पाहणी करून नोंद घेतली. मग मोजणी आणून हद्द कायम केली. बांधावरची तीन झाडं शेजाऱ्याची निघाली, ती यादीतून काढली. नंतर प्रत्येक खोडावर गेरूने क्रमांक टाकला आणि जमिनीपासून 1.37 मीटरवर घेर मोजून यादीत लिहिला. सहहिस्सेदारांची संमती जोडली, मगच अर्ज. या वेळी परवाना मिळाला. लाकूड हलवायचा वाहतूक पास वेगळा असतो, तो घेतल्याशिवाय ट्रॅक्टर भरू नका.