बिल्डरच्या एकतर्फी कराराला आव्हान देताना: ग्राहक आयोगात नव्याने येणाऱ्या वकिलांसाठी

ग्राहक आयोगात नवीन आलेले ज्युनिअर बिल्डरविरुद्ध तक्रार लिहायला घेतात तेव्हा पहिली चार-पाच पानं अशिलाच्या मनस्तापातच जातात. मनस्ताप खराच असतो. पण करार एकतर्फी आहे हे करारातूनच दाखवावं लागतं.

माझ्या सीनियरांनी शिकवलेली पद्धत मी आजही सोडलेली नाही. कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे 'खरेदीदार चुकला तर', उजवीकडे 'बिल्डर चुकला तर', आणि खाली कलमं मांडत जायची. सर्वोच्च न्यायालयाचा पायोनिअर अर्बन विरुद्ध गोविंदन राघवन हा 2 एप्रिल 2019 चा निकाल असाच मांडून वाचा. प्रकरण गुरुग्राममधल्या फ्लॅटचं. खरेदीदाराचा हप्ता लांबला तर 18 टक्के व्याज आणि 30 दिवसांहून जास्त थकला तर करार रद्द. ताबा लांबला तर मात्र वाढीव मुदत संपल्यावरही खरेदीदाराने 12 महिने थांबायचं, मग 90 दिवसांची नोटीस द्यायची, त्यानंतर परताव्यासाठी बिल्डरला आणखी 90 दिवस. तेही चुकले तरच 9 टक्के व्याज! अशी कलमं म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा, असं न्यायालयाने ठरवलं.

समोरचे वकील 'सही केली होती ना?' हे विचारणारच. पायोनिअरमध्ये त्याचं उत्तर आहेच, पण मुळापासून समजून घ्यायचं तर सर्वोच्च न्यायालयाचा ब्रोजोनाथ गांगुली (1986) हा निकाल वाचा. तो खटला नोकरीतल्या अटींचा होता. दुबळ्या पक्षाला सही करण्यावाचून गत्यंतर नसतं, हा विचार तिथे सविस्तर आला आहे. करारात लवादाचं कलम, म्हणजे वाद खासगी लवादाकडेच न्यायची अट, असलं तरी बिचकू नका; तरीही ग्राहक आयोगात तक्रार करता येते, एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग (2018) हा निकाल पाठीशी आहे.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम 2(46) खाली 'अनुचित करार' ही स्वतंत्र व्याख्या आली. त्यावर आधारलेली तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य किंवा राष्ट्रीय आयोगातच न्यावी लागते. तक्रार दाखल करण्याची दोन वर्षांची मुदतही आधीच तपासा.

आणि पहिल्याच भेटीत अशिलाला विचारा, 'एखादं कलम बदलून मागितलं होतं का?' 'स्टँडर्ड फॉरमॅट आहे, बदलता येणार नाही' असा सेल्सवाल्याचा ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज निघाला तर लाखमोलाचा पुरावा हाती आला. मूळ मेसेज फोनमधून पुसू देऊ नका आणि प्रिंटसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र तक्रारीलाच जोडा.