स्कॅनमधून अवयव वेगळे काढताय? मॉडेल बदलण्याआधी या चुका टाळा

"मॅडम, मॉडेल चुकतंय. दुसरं कुठलं घेऊ?"

प्रोजेक्ट सबमिशनची तारीख जवळ आली की कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांचा हा मेसेज ठरलेला. विषयही ठरलेलाच असतो: सीटी किंवा एमआरआयमधून लिव्हर, किडनी नाहीतर ट्यूमर कॉम्प्युटरने वेगळा काढायचा, म्हणजे सेगमेंटेशन. हल्ली उद्यमनगरच्या औद्योगिक वसाहतीत थ्रीडी प्रिंटर घेतलेली मंडळीही विचारायला लागली आहेत. डॉक्टरला ऑपरेशनआधी जबड्याचा किंवा कवटीचा नमुना हातात हवा असतो, आणि तो स्कॅनमधूनच काढावा लागतो.

माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: मॉडेल राहू दे, आधी फोल्डर उघड. यू-नेट हे सेगमेंटेशनचं सगळ्यांत वापरातलं न्यूरल नेटवर्क २०१५ सालचं, जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातलं. २०२१ मध्ये हायडलबर्गच्या कॅन्सर संशोधन केंद्रातल्या गटाचा एनएनयू-नेटवरचा शोधनिबंध छापून आला. त्यात जाळ्याची रचना जवळपास तीच जुनी होती. डेटा कसा वाचायचा, कुठल्या मापात आणायचा, ट्रेनिंग कसं लावायचं, एवढंच त्यांनी शिस्तीत बसवलं, आणि कितीतरी स्पर्धांमध्ये नव्या नव्या रचना मागे पडल्या. तेव्हा ट्रान्सफॉर्मर लावू की मांबा, म्हणजे नवी रचना कुठली, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो म्हणजे स्कॅन नव्हे

खिडकीच्या काचेवर फिल्म धरायची, मोबाइलने फोटो काढायचा, तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा आणि "यातून ट्यूमर काढून दे" म्हणायचं. यातून काही निघत नाही. सीटीचं एक चित्र साधारण बारा बिटांचं असतं, म्हणजे ४,०९६ पायऱ्या. फिल्मवर त्यातली एक खिडकी, म्हणजे आकड्यांचा एक पट्टा, तेवढी छापलेली असते, आणि फोटोत २५६ छटाच उरतात. एक पिक्सेल किती मिलिमीटरचा, ही माहिती तर पार गेलेली असते. सेंटरमधून सीडी किंवा पेनड्राइव्हवर डायकॉम फाइलीच, म्हणजे मशिनच्या मूळ फाइली, मागून घ्या.

सीडी मिळाली की पुढची गंमत. आत एकच स्कॅन नसतो. सुरुवातीचं स्काउट चित्र (स्कॅन आखण्यापुरतं) असतं, पाच मिलिमीटरची जाड मालिका असते, एक मिलिमीटरची पातळ असते, हाडांसाठी वेगळ्या कर्नलने, म्हणजे फिल्टरने, बनवलेली असते, समोरून आणि बाजूने कापलेली असते, शिवाय रेडिएशन डोसचं एक पान. पोरं सगळ्या फाइली एकाच थप्पीत ओततात आणि मग किडनी जिन्यासारखी का दिसते म्हणून विचारतात. मालिका तिच्या यूआयडीवरून, म्हणजे ओळख क्रमांकावरून, निवडा. स्लाइसचा, म्हणजे एकेका कापाचा, क्रम फाइलच्या नावावरून लावू नका, कारण नावाने लावलं की १ नंतर १०, मग १००, आणि कितीतरी फाइलींनंतर २ येतो. प्रत्येक फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे चित्रासोबतच्या माहितीत, त्या स्लाइसची जागा मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, क्रम तिच्यावरून लावायचा.

हवा पांढरी दिसतेय?

सीटीतला आकडा हाउन्सफील्ड युनिटमध्ये असतो. पाणी ०, हवा उणे १,०००, चरबी उणे १०० च्या आसपास, घट्ट हाड कित्येक शे. फाइलमध्ये मात्र कच्चा आकडा असतो. त्याला हेडरमधल्या स्लोप या आकड्याने गुणून इंटरसेप्ट या आकड्याची बेरीज केली की खरा आकडा मिळतो. इंटरसेप्ट बहुधा उणे १,०२४ असतो. ही पायरी सुटली तर सगळा स्कॅन हजारभराने सरकतो, आणि "हाड म्हणजे ३०० च्या वर" हा थ्रेशोल्ड लावला की हाडाबरोबर सगळं मांसही निवडलं जातं.

दुसरा प्रकार जास्त फसवा. उणे आकडे चिन्ह नसलेल्या सोळा बिटांच्या प्रकारात साठवले की उणे १,००० चा ६४,५३६ होतो. पेशंटच्या भोवतीची हवा हाडापेक्षा पांढरीशुभ्र दिसायला लागते. हे डोळ्यांना लगेच कळतं, पण चित्र उघडून बघितलं तरच. पोरं लॉसचा, म्हणजे मॉडेल किती चुकतंय त्याचा, आलेख बघत बसतात.

एमआरआयला हे काही लागू नाही. तिथे आकड्याला असं पक्कं एकक नसतं. एकाच माणसाचा मेंदू दोन मशिनवर वेगवेगळ्या आकड्यांत येतो. शिवाय सिग्नल पकडणाऱ्या कॉइलमुळे चित्राची एक बाजू उजळ, दुसरी काळवंडलेली असू शकते. हा फरक काढणारं एन४ करेक्शन करा, प्रत्येक स्कॅन त्याच्या स्वतःच्या सरासरीने आणि विचलनाने नॉर्मलाइज करा, मग पुढे जा. सीटीवर शिकलेलं मॉडेल एमआरआयवर चालवून "रिझल्ट वाईट" असा निष्कर्ष लिहू नका.

व्हॉल्यूम अर्धं किंवा दुप्पट येतंय

इथे जरा थांबू, कारण व्हायव्यात सगळ्यांत जास्त पोरं इथेच पडतात.

समजा एका किडनीच्या मास्कमध्ये, म्हणजे मॉडेलने रंगवलेल्या भागात, ६५,००० व्हॉक्सेल, म्हणजे थ्रीडी पिक्सेल, आले. पिक्सेल ०.७ बाय ०.७ मिलिमीटर, स्लाइसमधलं अंतर ५ मिलिमीटर. एका व्हॉक्सेलचं आकारमान २.४५ घन मिलिमीटर, म्हणजे किडनी साधारण १५९ मिली. मोठ्या माणसाच्या किडनीला हे शोभतं. आता स्पेसिंग, म्हणजे ही मापं, न वाचता व्हॉक्सेल १ बाय १ बाय १ धरला तर तीच किडनी ६५ मिलीची होते, आणि रिपोर्टमध्ये धडधाकट माणसाची किडनी सुकलेली दिसते.

जाडी आणि अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आणखी कमी जणांना ठाऊक असतं. पाच मिलिमीटर जाडीच्या स्लाइस दर अडीच मिलिमीटरला काढलेल्या असू शकतात, एकमेकींवर चढलेल्या. मग त्याच किडनीत १,३०,००० व्हॉक्सेल येतील. तुम्ही जाडीचा ५ घेऊन गुणाकार केलात तर ३१८ मिली. हेडरमधल्या जाडीवर विसंबू नका, लागोपाठच्या दोन स्लाइसच्या जागांमधला फरक काढा. सगळ्या स्लाइसमध्ये हा फरक सारखा नसेल तर मधली एखादी फाइल बहुधा गहाळ आहे.

डोक्याच्या सीटीत कधी कधी गॅन्ट्री, म्हणजे मशिनचं गोल कडं, तिरकी केलेली असते, तेव्हा थप्पी सरळ रचली की कवटी कललेली दिसते. फाइल रूपांतरित करणारं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा तशी सूचना देतं. ती सूचना न वाचता एंटर दाबायची सवय सोडा.

डावं की उजवं?

डायकॉममध्ये अक्ष पेशंटच्या डावीकडे आणि पाठीकडे वाढतात, निफ्टी या दुसऱ्या फाइल प्रकारात उजवीकडे आणि पुढे. पायथनमधली एक लायब्ररी अ‍ॅरे झेड-वाय-एक्स क्रमाने देते, दुसरी एक्स-वाय-झेड. दोन्ही एकाच कोडमध्ये मिसळली की मास्क आरशातला होतो, किंवा पोटातली किडनी छातीत जाऊन बसते. मास्क सेव्ह करताना मूळ स्कॅनची जागा, दिशा आणि माप सांगणारा अ‍ॅफाइन त्याला जोडा. नंतर थ्रीडी स्लायसर किंवा आयटीके-स्नॅप या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन आणि मास्क एकावर एक उघडा. दोन्ही फुकट आहेत, दोन मिनिटांचं काम आहे.

लिव्हर पेशंटच्या उजवीकडे असायला हवं, आणि रेडिओलॉजीच्या रिवाजाप्रमाणे ते स्क्रीनवर डाव्या हाताला दिसतं. लाखात दहाबारा माणसांचं खरोखरच उलट असतं, त्याला सायटस इन्व्हर्सस म्हणतात. पण तुमच्या डेटासेटमधल्या चाळीसही पेशंटांचं तसं असेल तर दुखणं पेशंटला नाही, कोडला आहे.

याच घरातली आणखी एक चूक: डेटा वाढवण्यासाठी चित्र आडवं उलटवायचं. ट्यूमर शोधताना चालतं. पण "डावी किडनी" आणि "उजवी किडनी" अशी वेगळी लेबलं असतील आणि उलटवताना ती अदलाबदल केली नाहीत, तर मॉडेलला दोन्हींतला फरक न करायलाच तुम्ही शिकवताय. अशा कामात मिररिंग बंद ठेवा.

मास्कच्या भानगडी

मास्क जेपेगमध्ये सेव्ह करू नका. जेपेग कडेला आपल्या मनाचे आकडे घालतो. ० आणि १ ऐवजी ३, ७, २४८ असं काहीतरी निघतं. पीएनजीत ठेवलात तरी मास्क ० आणि २५५ चा आहे की ० आणि १ चा, हे आधी बघा. "लॉस उणे जातोय" ही तक्रार आली की मी दुसरं काही विचारत नाही, मास्कमधला सर्वांत मोठा आकडा किती ते विचारते. तो २५५ निघतो.

आणि मास्कचं माप बदलताना नेहमी निअरेस्ट नेबर, म्हणजे सर्वांत जवळच्या व्हॉक्सेलचा आकडा जसाच्या तसा घ्यायचा. लिनिअर, म्हणजे शेजारच्या आकड्यांची सरासरी, घेतलं आणि लेबलं १ लिव्हर, २ किडनी, ३ प्लीहा अशी असली, तर प्लीहेच्या कडेवर ३ आणि ० च्या मधले आकडे तयार होतात. पूर्णांक केले की प्लीहेभोवती किडनीची आणि लिव्हरची पातळ साल चढते. हा प्रकार मी इतक्या रिपोर्टांत बघितलाय की रंगीत चित्राच्या कडेवरच माझी नजर आधी जाते.

९९ टक्के अ‍ॅक्युरसी

५१२ बाय ५१२ च्या स्लाइसमध्ये २,६२,१४४ पिक्सेल असतात. ट्यूमर ५०० पिक्सेलचा असेल आणि मॉडेलने कोरा काळा मास्क दिला, तरी अ‍ॅक्युरसी ९९.८ टक्के येते. म्हणून डाइस गुणांक वापरतात. मॉडेलचा मास्क आणि खरा मास्क एकमेकांवर किती बसतात, ते तो ० ते १ मध्ये सांगतो.

पण डाइसलाही खोड आहे. पन्नास व्हॉक्सेल बाजूचा घन घ्या आणि सगळ्या बाजूंनी एकेक व्हॉक्सेलचा थर कमी धरा: डाइस ०.९४. पाच व्हॉक्सेल बाजूच्या घनाचं तेच करा: ०.३६. चूक तीच, एका व्हॉक्सेलची. बांध हातभर सरकला तर चाळीस एकर उसाच्या फडाला कळतही नाही, दोन गुंठ्याच्या तुकड्याला मात्र कोर्टात जावं लागतं. तेव्हा लिव्हरचा ०.९५ आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा ०.७५ एका तक्त्यात ठेवून दुसरा "फेल" म्हणू नका. कडांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये सांगणारा हाउसडॉर्फचा ९५ टक्क्यांचा आकडाही सोबत द्या.

आकडा फार चांगला आला तर मात्र संशय घ्या. वीस पेशंट, प्रत्येकाच्या दीडशे स्लाइस, म्हणून "तीन हजार चित्रांचा डेटासेट", आणि मग त्या तीन हजारांची सरमिसळ करून ऐंशी-वीस वाटणी. ८१ वी स्लाइस ट्रेनिंगमध्ये, ८२ वी टेस्टमध्ये. मॉडेलने उत्तरपत्रिकाच बघितली की! वाटणी पेशंटवर करायची, स्लाइसवर नाही. एकाच पेशंटचे दोन वेळचे स्कॅन असतील तर तेही एकाच बाजूला.

तयार साधनं वापरताना

टोटलसेगमेंटेटर हे बाझलच्या विद्यापीठ रुग्णालयातून आलेलं साधन. २०२३ च्या शोधनिबंधात ते सीटीतले अवयव, हाडं, स्नायू आणि रक्तवाहिन्या मिळून १०४ भाग वेगळे काढत होतं. चांगलं आहे, मीही तेच आधी चालवायला सांगते. पण लॅपटॉपला ग्राफिक कार्ड नाही म्हणून "फास्ट" पर्याय लावायचा आणि मग कडा खडबडीत आल्या म्हणून कुरकुरायचं, याला अर्थ नाही. फास्टमध्ये ते तीन मिलिमीटरवर काम करतं, एरवी दीडवर. एमआरआयसाठी त्याचं वेगळं मॉडेल आहे, ते वापरा.

नंतरची साफसफाईही जपून. "सर्वांत मोठा तुकडा ठेवा" हे बटण सुटे ठिपके छान काढतं, आणि दोन्ही किडन्या एकाच लेबलखाली असतील तर दुसरी किडनीही काढून टाकतं.

हेडरमधलं नाव

फोल्डरला आडनाव, हेडरमध्ये पूर्ण नाव, जन्मतारीख, आणि हे सगळं गूगल ड्राइव्हवर ग्रुपसाठी उघडं. कोल्हापुरात कुणाचा तरी पाव्हणा निघतोच त्यात. हेडर पुसा, फाइलची नावं बदला, सोनोग्राफीच्या चित्रावर छापलेलं नाव वेगळं झाका. डोक्याच्या पातळ स्लाइसवरून चेहरा उभा करता येतो, म्हणून बाहेर देण्याआधी तोही काढतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी स्कॅन मागण्याआधी घ्यायची असते, प्रोजेक्ट छापून आल्यावर नव्हे.

प्रिंट काढणार असाल तर

पातळ स्लाइस घ्या, शक्यतो एक मिलिमीटर किंवा कमी. पाचच्या स्लाइसमधून जबड्याला पायऱ्याच पडतात. डोळ्याच्या खोबणीचं तळहाड इतकं पातळ असतं की ३०० च्या थ्रेशोल्डला तिथे भोकं दिसतात. ते फ्रॅक्चर समजू नका. थ्रेशोल्ड खाली आणा किंवा तेवढा भाग हाताने भरा. डाय दिलेला स्कॅन टाळा, नाहीतर रक्तवाहिन्या हाडाला चिकटून येतात. स्मूदिंग जास्त केलं की बारीक हाड झिजतं.

प्रिंटरला द्यायच्या एसटीएल फाइलमध्ये एकक नसतं. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरने ते इंच धरलं तर सगळं २५.४ पट होतं, आणि ते निदान लगेच दिसतं. घोटाळा होतो तो पाच-सात टक्क्यांच्या फरकाने. थ्रीडी स्लायसरमध्ये स्कॅनवरच दोन ठळक जागांमधलं अंतर मोजून ठेवा आणि प्रिंट आल्यावर व्हर्नियर लावा; उद्यमनगरात व्हर्नियर शोधायला लांब जावं लागत नाही. फ्रॅक्चर कुठल्या बाजूला आहे ते रिपोर्टमध्ये वाचा आणि त्या बाजूला "आर" किंवा "एल" हे अक्षर मास्कमध्येच घाला. प्रिंटरवाल्याला नंतर कोरायला सांगू नका. मास्कमध्ये असलं की वाटेत कुठे फाइल आरशात उलटली तर अक्षरही उलटं छापून येतं, आणि नमुना डॉक्टरकडे जाण्याआधी तुमच्याच टेबलावर पकडला जातो.