मोठ्या संख्येने भाग जातो का, हे मुलांना कसं शिकवायचं (नियमांचा तक्ता पाठ न करता)

२, ३, ५, ९, ११ च्या कसोट्या स्कॉलरशिपची तयारी करणाऱ्या मुलांना तोंडपाठ असतात, झोपेतून उठवून विचारलं तरी "अंकांची बेरीज करायची सर" म्हणून सांगतील. पण ७२ विचारलं की अर्धा वर्ग भागाकार मांडायला घेतो, आणि १९ किंवा ३७ विचारलं की "याचा नियम नाही शिकवला अजून" असं उत्तर येतं. मग आपण काय करतो, तर १३ चा नियम, १७ चा नियम, १९ चा नियम असा तक्ता फळ्यावर लिहून देतो, मुलं तो वहीत उतरवतात, आणि आठवड्याभरात १७ ला चारने गुणायचं का पाचने, बेरीज का वजाबाकी, याची सगळी खिचडी होते. माझं स्पष्ट मत आहे की तक्ता देऊच नका. एकच गोष्ट पक्की करा: संख्येतून भाजकाची कुठलीही पट काढून टाकली तरी "भाग जातो का नाही" याचं उत्तर बदलत नाही. बाकी सगळे नियम यातूनच निघतात आणि मुलं ते स्वतः काढू शकतात.

सुरुवात अगदी साध्या उदाहरणाने करा. ५११७ ला १७ ने भाग जातो का? पोरं पेन उचलतील, त्यांना थांबवा आणि विचारा, यात १७ ची एखादी मोठी पट दिसते का. १७ त्रिक ५१, म्हणजे ५१०० ही १७ ची पट, ती टाकून दिली, उरले १७. झालं. तसंच ९१३९ ला १३ ने: १३ साते ९१, ९१०० टाकले, ३९ उरले, १३ त्रिक ३९. चार अंकी संख्येला खरं तर एवढंच पुरतं, उगाच नियम लावत बसण्यापेक्षा हे लवकर होतं आणि पाढे पक्के आहेत का तेही कळतं.

मग ९ च्या जुन्या नियमाकडे परत या, कारण तो त्यांना येतो पण का चालतो ते बहुतेकांना कधी सांगितलेलंच नसतं. ४५७२ घ्या. ४००० म्हणजे ४ वेळा ९९९ आणि वर ४, ५०० म्हणजे ५ वेळा ९९ आणि वर ५, ७० म्हणजे ७ वेळा ९ आणि वर ७. सगळे ९९९, ९९, ९ टाकून द्या, मागे उरतात ४, ५, ७ आणि एककाचे २, बेरीज १८. म्हणजे अंकांची बेरीज ही काही जादू नाही, नवाच्या पटी टाकल्यावर उरलेला माल आहे. हे फळ्यावर एकदा सावकाश करून दाखवलं की पुढचं सगळं सोपं जातं, त्यामुळे इथे घाई करू नका.

आता संयुक्त भाजक. ७२ साठी ८ आणि ९ दोन्हींची कसोटी लावायची. ५३९२८ घ्या, शेवटचे तीन अंक ९२८ ला ८ ने भाग जातो, अंकांची बेरीज २७, म्हणजे ७२ ने भाग जातोच. इथे हमखास एक हुशार मुलगी विचारते, "मॅडम, ६ आणि १२ घेतले तर? ते पण गुणून ७२ च होतात." उत्तर लगेच देऊ नका, वर्गालाच सांगा की ६ आणि १२ दोन्हींनी भाग जाणारी पण ७२ ने न जाणारी संख्या शोधा. खुद्द १२ च सापडतो. मग सहमूळ हा शब्द आणा, म्हणजे त्याला वजन येतं: फोड अशी करायची की दोघांत १ सोडून सामाईक अवयव नको. २४ साठी ३ आणि ८ चालतील, ४ आणि ६ नाही.

यावर परीक्षेत आवडीने विचारला जाणारा प्रकार म्हणजे चौकटीतला अंक. ३७□५□ ला ७२ ने निःशेष भाग जातो, तर चौकटीत काय? दिसणाऱ्या अंकांची बेरीज ३+७+५ = १५, म्हणून चौकटीतल्या दोन अंकांची बेरीज ३ किंवा १२ च हवी. शिवाय शेवटच्या तिघांना ८ ने भाग गेला पाहिजे. बेरीज ३ घेतली तर १ आणि २ जमतात, १५२ ला ८ ने भाग जातो, ३७१५२ मिळाले. बरीच मुलं इथेच थांबतात. बेरीज १२ वाली बाजू तपासली की ६ आणि ६ पण जमतात, ३७६५६, त्यालाही ७२ ने भाग जातो. एक उत्तर मिळालं म्हणून पेन खाली ठेवायचं नाही, ही सवय या गणितात चांगली लागते.

आता खरी मजा, १९, २३, ६७ सारख्या मूळ संख्या. यांची फोड होत नाही, तेव्हा मुलांना सांगा की भाजकाची अशी पट शोधा जिचा एकक १ किंवा ९ आहे. एकक ९ असेल तर पुढची दहाची पट बघायची आणि तिच्यातलं शून्य काढायचं. १९ च्या पुढे २०, म्हणून गुणक २. २३ त्रिक ६९, पुढे ७०, गुणक ७. १३ त्रिक ३९, पुढे ४०, गुणक ४. मग संख्येचा एकक तोडायचा, त्याला गुणकाने गुणायचं आणि उरलेल्या संख्येत मिळवायचं. १२५९७ ला १९ ने तपासू: ७ दुणे १४, १२५९ + १४ = १२७३. परत ३ दुणे ६, १२७ + ६ = १३३. परत ६, १३ + ६ = १९. जातो.

का चालतं? १२५९७ म्हणजे १० वेळा १२५९ आणि ७. त्याची दुप्पट केली की २० वेळा १२५९ आणि १४. त्या २० मधले १९ टाकून द्या, उरलं एकदा १२५९ आणि १४. दुप्पट केल्याने काही बिघडत नाही कारण २ आणि १९ सहमूळ आहेत, बघा तोच शब्द परत कामाला आला.

पटीचा एकक १ असेल तर मिळवायच्या ऐवजी वजा करायचं. १७ त्रिक ५१, गुणक ५, वजाबाकी. ६७ त्रिक २०१, गुणक २०, वजाबाकी. २३३१६ ला ६७ ने: ६ × २० = १२०, २३३१ − १२० = २२११. १ × २० = २०, २२१ − २० = २०१. परत २० − २० = ०. शून्य आलं की मुलं गोंधळतात, "शून्याला भाग जातो का?" जातो, निःशेष जातो. ऋण संख्या आली तरी तेच, १३६ ला १७ ने तपासताना १३ − ३० = −१७ येतं, तिथे चिन्हाकडे बघायचं नाही.

कुठल्या भाजकाला हे चालेल? एकक १, ३, ७, ९ असलेल्या कुठल्याही. ३ ला तीनने गुणलं की शेवटी ९, ७ ला तीनने गुणलं की शेवटी १, आणि १ किंवा ९ आधीच असेल तर प्रश्नच मिटला. सम संख्या किंवा ५ वाल्या आधी फोडून घ्यायच्या, ३८ म्हणजे २ × १९, ६८ म्हणजे ४ × १७, ८५ म्हणजे ५ × १७.

एक गोष्ट मात्र बजावून सांगा, ही पद्धत फक्त हो का नाही सांगते, बाकी सांगत नाही. १०० ला १९ ने भागलं तर बाकी ५, पण आपल्या रीतीने १० + ० = १० येतं. मुलं तो १० बाकी म्हणून बिनधास्त लिहून मोकळी होतात.

बाकीसुद्धा हवी असेल तर गट पाडायची रीत चांगली. ९९९ = २७ × ३७, म्हणून ३७ साठी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून त्यांची बेरीज करायची, नवाच्या नियमासारखंच. इथे आपल्या स्वल्पविरामांची अडचण होते, आपण ४५,६७,८७२ लिहितो आणि मुलं ४५, ६७, ८७२ असेच गट धरतात. म्हणून आधी स्वल्पविराम काढून टाकायला लावा आणि उजवीकडून उभ्या रेघा मारायला सांगा: ४ | ५६७ | ८७२. बेरीज १४४३, परत १ + ४४३ = ४४४. आणि ३७ त्रिक १११, तेव्हा ४४४ बघताक्षणी कळतं.

१००१ = ७ × ११ × १३ हे तर फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवावं असं आहे. तीन-तीनचे गट, पण उजवीकडून एक मिळवायचा, एक वजा करायचा, असं आलटून पालटून. एकाच घासात तीन भाजकांचं काम होतं. कुठलीही तीन अंकी संख्या दोनदा लिहायला सांगा, समजा ३५२३५२, मग तिला ७ ने, ११ ने, १३ ने एकापाठोपाठ भागायला लावा, परत ३५२ हातात येतात. मुलं अवाक होतात, मग त्यांनाच विचारा का.

"हे कुठे उपयोगी पडतं" हा प्रश्न येणारच, त्यासाठी ९७ राखून ठेवा. युरोपातल्या किंवा दुबईकडच्या बँकेत कोणाचं खातं असेल तर त्याला आयबॅन नंबर असतो (आपल्या भारतातल्या बँका तो वापरत नाहीत). त्यातले पहिले चार अक्षर-अंक उचलून शेवटी टाकायचे, अक्षरांच्या जागी ए साठी १०, बी साठी ११ असं झेड साठी ३५ पर्यंत आकडे ठेवायचे, आणि येणाऱ्या लांबलचक संख्येला ९७ ने भागल्यावर बाकी १ च यायला हवी. एक अंक चुकीचा टाईप झाला तर बाकी बदलतेच, शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले तरी बदलते.

९७ ची कसोटी मुलं स्वतः बनवू शकतात. १०० म्हणजे ९७ आणि ३. म्हणून उजवीकडून दोन-दोनचे गट पाडायचे, आणि मग डावीकडून सुरू करून जे हातात आहे त्याची तिप्पट करून पुढच्या गटात मिळवायची, ९७ च्या वर गेलं की ९७ टाकायचे. २५८११७ घ्या: २५ ची तिप्पट ७५, अधिक ८१ म्हणजे १५६, त्यातून ९७ गेले, ५९. त्याची तिप्पट १७७, अधिक १७ म्हणजे १९४, आणि ९७ दुणे १९४. जातो. यात बाकी पण बरोबर मिळते.

सराव घेताना जोड्या लावा, एकाने संख्या बनवायची, दुसऱ्याने तपासायची, खात्रीला मोबाईलचा कॅल्क्युलेटर चालेल. फक्त भाग न जाणाऱ्या संख्या पण मुद्दाम द्यायला सांगा, नाहीतर दुसरा डोळे झाकून "जातो" म्हणत सुटतो. घरी करायला २९, ४३ आणि ९१ द्या, प्रत्येकाचा नियम स्वतः काढून आणायचा. ९१ ला दोन उत्तरं येतील, कोणी एकक नवाने गुणून वजा करेल, कोणी ७ × १३ म्हणून १००१ ची रीत लावेल, दोन्ही बरोबर धरा आणि २५८११७ वरच दोन्ही लावून बघायला सांगा. ९७ ने गेलेली ही संख्या ९१ ने जात नाही, पण १००१ ची रीत लावली की ११७ − २५८ = −१४१ आल्यावर चिन्हाचं काय करायचं ते ते विसरलेले असतात.