पाहुण्यांना सातारा कसा दाखवावा

आधी कंदी पेढे नकोत. पहाटेच अजिंक्यताऱ्यावर न्या. गाडी वर जाते, पण माझं ऐका, पायीच चढा. तटावर उत्तरेकडे तोंड करून उभं राहा. पायथ्याशी पेठा, त्यांच्या पलीकडून वेण्णा, उजव्या हाताला माहुली, तिथं ती कृष्णेला मिळते. डावीकडे यवतेश्वर. भाच्याला मी हाच नकाशा काडीनं धुळीत काढून दिला, तो अजून विसरलेला नाही.

आता इतिहास, आणि इथं घाई करू नका. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबानं हाच गड वेढला. प्रयागजी प्रभूंनी १७०० च्या एप्रिलपर्यंत तो झुंजवला. मोगलांचा एक सुरुंग उलटला आणि तट त्यांच्याच माणसांवर कोसळला. हे सांगताना त्या दगडांवर हात ठेवायला लावा. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथलाच. खालचं शहर त्यांनी वसवलं. १८४८ ला डलहौसीनं दत्तक नाकारून राज्य खालसा केलं.

उतरल्यावर थेट संगम माहुली. विश्वेश्वराच्या घाटावर बसून पायऱ्यांची झीज बघा. पावसाळ्यात पाण्याजवळ उतरू नका. पेढे परतताना घ्या.