मधुमेहात तळपायांची आग: घरच्या घरी तपासणी आणि पुढची पावलं

रात्री तळपायांची आग होते, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, आणि दिवसा त्याच पायातून चप्पल निसटलेली कळत नाही. दोन्हींचं मूळ एकच, मज्जातंतूंची इजा. म्हणून आग थांबली की नस सुधारली असं धरू नका. तंतू पुरता निकामी झाल्यानेही दुखणं थांबतं.

मज्जातंतूंना साखर आत घ्यायला इन्सुलिन लागत नाही. रक्तात वाढली की तिथेही वाढते. जादा साखरेचं सॉर्बिटॉल (साखरेपासून बनणारं एक द्रव्य) होताना जे एनएडीपीएच (पेशीतलं एक मदतनीस द्रव्य) खर्च होतं, तेच ग्लुटाथायोन हे पेशीचं संरक्षक द्रव्य पुन्हा घडवायला हवं असतं. त्यात मायटोकॉन्ड्रियातून (पेशीच्या ऊर्जा घडवणाऱ्या भागातून) ऑक्सिजनचे मारक रेणू वाढतात. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. इजा झालेले तंतू विनाकारण वेदनेचे संदेश धाडत राहतात. महिनोन्‌महिने हे चाललं की मज्जारज्जूही हळवा होतो आणि दुखणं मुरतं. सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथूनच.

तपासणीला घरातलं दुसरं माणूस लागतं. डोळे मिटून आडवं व्हा. त्याने तर्जनीचं टोक अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या शेंड्यांना, दोन्ही पायांना मिळून 6 जागी, एकदोन सेकंद अलगद टेकवावं. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही. दाबलं की खोलवरची संवेदना जागी होते आणि निकाल चुकतो. कळलं की 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. 2 किंवा जास्त जागा कळल्या नाहीत, तर डॉक्टरांकडे 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (ठराविक दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने) आणि 128 हर्ट्‌झच्या ट्यूनिंग फोर्कने (कंपन कळतं का ते पाहणाऱ्या चिमट्याने) तपासून घ्या. सगळं कळलं तरी वार्षिक तपासणी सोडू नका.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 जीवनसत्त्व तपासाच. त्याच्या कमतरतेनेही अगदी अशाच मुंग्या येतात आणि सगळा दोष साखरेवर जातो.

साखर उतरवायची, पण टप्प्याटप्प्याने. फार वाढलेलं एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर टक्क्यांत सांगणारी रक्ततपासणी) तीन महिन्यांत 2 टक्क्यांहून जास्त खाली आलं, तर नसांचं दुखणं उलट उसळू शकतं. अशा वेळी घाबरून औषध सोडू नका, डॉक्टरांशी बोला.

डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत आणि मूत्रपिंडाला महागात पडतात. ड्युलोक्सेटिन, प्रिगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांपैकी काय द्यायचं ते मूत्रपिंड, हृदय आणि वय पाहून डॉक्टर ठरवतात. मात्रा हळूहळू वाढते, गुण यायला काही आठवडे लागतात, आणि मनाने एकदम बंद केलं तर त्रास होतो. अल्फा लिपोइक आम्ल हे अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण कमी करणारं द्रव्य (अभ्यासांत बहुधा रोज 600 मिलिग्रॅम) काहींचं दुखणं कमी करतं. पण साखर चढलेली ठेवून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

गरम पाण्याचा शेक बंद. बधिर पायाला चटका कळत नाही. फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालण्यानेही तेच होतं, निदान मोजे घाला. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा बघा. रोज रात्री आरशात तळवे पाहा. एकच पाय लाल, गरम आणि सुजलेला दिसला, तर दुखत नसलं तरी त्यावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आत हाडं ढासळत असू शकतात.